युटात तंबू ठोकण्याआधी: दिवस खाली, झोप वर

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'आम्ही गेल्या हिवाळ्यात न्यू जर्सीहून युटातल्या लीहायला राहायला आलो. मुलं दहा आणि सहा वर्षांची. जूनमध्ये सांगलीहून आई-बाबा येतायत, नोव्हेंबरअखेर परत जातील. बाबांना बीपी आहे, आईचे गुडघे दुखतात, पण दोघांनाही हौस दांडगी. जुलैत दोन आठवडे रजा काढून, तंबू घेऊन अख्खं युटा एका दमात बघायचा बेत आहे. सॉल्ट फ्लॅट्स, मोआब, कॅपिटल रीफ, ब्राइस, झायन आणि परत येताना युइंटा पर्वत. क्रम कसा लावू आणि सामान काय घेऊ?'

क्रम नंतर लावू. आधी त्या बेतातला जुलै खोडा.

मी या राज्यात अठरा वर्षं तंबू ठोकतोय आणि तुमचा हाच बेत मी पहिल्या उन्हाळ्यात केला होता. आर्चेस नॅशनल पार्कमधल्या डेव्हिल्स गार्डन कॅम्पग्राउंडमध्ये जुलैतल्या एका शनिवारची साइट मिळाली म्हणून पेढे वाटायचे बाकी होते. दिवसभर शंभर फॅरेनहाइटच्या वर पारा. म्हटलं, वाळवंट आहे, रात्री गार होईल. होतंही, पण पहाटे चार वाजता. तोवर दिवसभर तापलेला लाल खडक भट्टीसारखा उष्णता सोडत राहतो. आमचा तंबू नेमका अशाच एका भिंतीच्या पायथ्याशी होता. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. रात्री साडेबाराला सगळं तसंच गुंडाळून गाडीत कोंबलं आणि मोआबमधल्या मोटेलात खोली घेतली. दुसऱ्या दिवशी स्थानिक दुकानातल्या आजोबांनी विचारलं, 'वर का नाही गेलात?' वर म्हणजे कुठे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. या सगळ्या उत्तरात मी तेवढंच सांगणार आहे.

युटा आकाराने महाराष्ट्राच्या दोन तृतीयांशाहून थोडंसंच मोठं. पण नैर्ऋत्य कोपऱ्यात जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन हजार फुटांवर आहे आणि ईशान्येला किंग्ज पीक साडेतेरा हजार फुटांच्या वर. आपल्याला ही उंची अंगात मुरलेली नसते. तुमचं लीहायच महाबळेश्वराहून किंचित उंच आहे. कॅपिटल रीफमधलं फ्रूटा कॅम्पग्राउंड दरीच्या तळाशी, नदीकाठी, तरीही ते साडेपाच हजार फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून थोडं वरच. ब्राइसला तंबू आठ हजारांवर लागतो. युइंटातल्या मिरर लेकला दहा हजारांवर. दर हजार फुटांना पारा साधारण साडेतीन ते पाच फॅरेनहाइटने उतरतो, हा हिशेब पाठ करा. मोआब चार हजारांवर आणि नैर्ऋत्येकडचा सीडर ब्रेक्सचा कडा दहा हजारांवर. दोन्हीकडे एकाच दुपारी वीस-तीस अंशांचा फरक असतो. एकीकडे कलिंगड खावंसं वाटतं, दुसरीकडे कानटोपी शोधावी लागते.

पाठ्यपुस्तकात युटाचे तीन भाग सांगतात: पश्चिमेला ग्रेट बेसिनचं सपाट, खारट वाळवंट, मधून ईशान्येकडे वॉसॅच आणि युइंटा हे रॉकी पर्वताचे फाटे, आणि दक्षिण-आग्नेयेला कोलोरॅडो पठार, म्हणजे फोटोत दिसतो तो सगळा लाल दगड. माहिती खरी आहे. पण तंबूवाल्याला तिचा उपयोग कमी, कारण एकाच पठारावर तुम्ही भाजूही शकता आणि गारठूही शकता. त्यापेक्षा झाडं ओळखायला शिका. काटेरी हात वर केलेली जोशुआ ट्री दिसली की तुम्ही नैर्ऋत्येच्या तळाशी आहात, तिथे उन्हाळ्यात थांबायचंच नाही. बुटके, पिळवटलेले जुनिपर आणि पिन्यन पाइन दिसले की पाच ते सात हजार फूट, वसंत आणि शरद ऋतूची जागा. लालसर सालीचे सरळसोट पाँडेरोसा पाइन आले की सात-आठ हजार. पांढऱ्या खोडाचे, पानं सळसळवणारे अ‍ॅस्पेन लागले की आठ ते दहा हजार. या झाडांखाली जुलैतही रात्री गोधडी लागते. त्याच्यावर स्प्रूस आणि फर. गाडीच्या खिडकीतून झाडं बघत गेलात तर फोनला रेंज नसतानाही रात्रीची थंडी किती असेल ते सांगता येतं.

आता त्या आजोबांचं 'वर'. मोआबच्या मागे ला साल पर्वत उभा आहे. मोआबपासून वॉर्नर लेक कॅम्पग्राउंड अठ्ठावीसेक मैल, वळणावळणाचा घाट, तासभर लागतो. उंची नऊ हजार चारशे फूट. भोवती अ‍ॅस्पेनचं रान, छोटंसं तळं. पहाटे खाली उतरायचं, आर्चेस बघायचं, दहा-साडेदहाला उन्हाने हाकलायच्या आत परत वर यायचं. दिवस खाली, झोप वर. उन्हाळ्यात हेच सूत्र सगळीकडे लागू होतं. झायनची दरी चार हजारांवर, तर त्याच पार्कच्या कोलोब टेरेस रस्त्यावर लाव्हा पॉइंट हे सहा साइटचं चिमुकलं कॅम्पग्राउंड जवळपास आठ हजारांवर आहे. हिवाळ्यात सूत्र उलटं करायचं, झोपही खाली.

आई-बाबांसाठी मात्र याच सूत्राला एक पाचर आहे. सांगलीहून आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात दहा हजार फुटांवर झोपवू नका. आठ हजारांच्या वर डोकं दुखणं, मळमळणं, झोप न लागणं हे तरुणांनाही होतं. आधी महिनाभर ते लीहायला राहतील, तेवढ्याने शरीर बरंच सरावतं. मग एक रात्र सात-साडेसात हजारांवर, मग त्याच्या वर. बाबांच्या बीपीच्या गोळ्यांमध्ये लघवी जास्त होणारी गोळी असेल तर इथल्या कोरड्या हवेत अंगातलं पाणी भराभर कमी होतं, म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. आणि कुणाचं डोकं वर गेल्यावर दुखायला लागलं आणि थांबेना, तर 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. रात्रीच गाडी काढून दोन-तीन हजार फूट खाली यायचं. उंचीच्या त्रासावर उतरणं हाच पहिला उपाय.

आणि एक गोष्ट जी कुणी विचारत नाही पण जिच्यामुळे मोहिमा फसतात: संडास. वरच्या जंगलातल्या बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये नळ नसलेले, खड्ड्याचे कमोड असतात. स्वच्छ असतात, पण पाणी नाही. आईंसाठी दोन लिटरचा कॅन आणि तांब्या गाडीत ठेवा, रात्री डोक्याला बांधायचा दिवा द्या, आणि साइट निवडताना नकाशावर संडासापासून तीन-चार साइट दूर अशी निवडा: अगदी शेजारी घेतली तर रात्रभर दार आपटतं, फार लांब घेतली तर आई पाणी पिणंच बंद करतात. माझ्या आईने केलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी चक्कर आली. गुडघ्यांसाठी जमिनीवरच्या मॅटऐवजी घडीची खाट घ्या. खाटेखालून गार वारा खेळतो, म्हणून वर जाड चटई किंवा घोंगडी हवीच. डेड हॉर्स पॉइंट आणि गॉब्लिन व्हॅली या स्टेट पार्कांमध्ये यर्ट मिळतात, म्हणजे पक्क्या जमिनीचे, पलंग असलेले गोल तंबू. एका मुक्कामी तेवढी चैन करायला हरकत नाही.

आता दोन आठवड्यांचे तुकडे करा. जून ते नोव्हेंबर तुमच्याकडे पाच-सहा लांब वीकएंड आहेत. मी असं करीन.

जूनच्या शेवटी घराजवळची रंगीत तालीम. बिग कॉटनवुड कॅन्यनमधलं स्प्रूसेस कॅम्पग्राउंड साडेसात हजारांच्या आसपास आहे, घरापासून तासाभराच्या आत. काही विसरलं तर परत येता येतं, आणि काहीतरी विसरणारच. कुत्रा पाळला असेल तर त्या दरीत नेता येत नाही, सॉल्ट लेक सिटीचं पिण्याचं पाणी तिथून येतं.

जुलैत फिश लेक आणि सीडर ब्रेक्स. फिश लेक आठ हजार आठशे फुटांवर, लीहायहून तीनेक तास. तळ्याच्या काठाने जाणारा रस्ता पँडोमधून जातो. हे अ‍ॅस्पेनचं रान नसून एकच झाड आहे: एकशे सहा एकरांवर पसरलेली सुमारे ४७,००० खोडं, सगळ्यांचं मूळ एक, जनुकं एक. मुलांना आधी सांगू नका, मधोमध उभं करून मग सांगा. सीडर ब्रेक्सच्या कड्यावरचं पॉइंट सुप्रीम कॅम्पग्राउंड दहा हजारांच्या वर, पंचवीस साइट, साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच उघडं. जुलैत तिथे रानफुलांचे ताटवे असतात. ब्राइससारखीच लाल-केशरी दरी, आणि गर्दी त्याच्या मानाने किरकोळ. आई-बाबांना मात्र तोवर उंचीची सवय झालेली हवी.

ऑगस्टमध्ये युइंटा. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या रांगा उत्तर-दक्षिण जातात, ही पूर्व-पश्चिम आडवी पडलीय. कामस गावातून निघणारा मिरर लेक हायवे बाल्ड माउंटन खिंडीत दहा हजार सातशे फुटांवर चढतो. हिवाळ्यात बंद, उघडतो मे-अखेर ते जूनमध्ये कधीतरी. मी जुलै का सुचवत नाही? डास. बर्फ वितळून प्रत्येक खळग्यात पाणी साचतं आणि जुलैभर जो हल्ला होतो त्यापुढे आपल्या कोकणातल्या श्रावणातले डास सभ्य म्हणायचे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जोर ओसरतो. इथे काळी अस्वलं आहेत, ग्रिझली नाहीत. खाणं, टूथपेस्ट, लोणच्याची बरणी, सगळं रात्री गाडीत बंद. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको. त्रास अस्वलापेक्षा खारीच जास्त देतात. माझ्या तंबूला भोक पाडलं ते चकलीसाठी, एका मुठीएवढ्या चिपमंकने.

युइंटातली डाळीची गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षी मिरर लेकला मी साध्या पातेल्यात तुरीची डाळ चढवली. तास झाला, दीड तास झाला, डाळ गारगोटीसारखी. दहा हजार फुटांवर पाणी नव्वद अंश सेल्सियसलाच उकळतं, त्याच्यावर तापतच नाही. खळखळतंय म्हणून आपण फसतो. त्या रात्री आम्ही वरणाच्या पाण्यात भात कालवला आणि भातही कण्या राहिलेला. तेव्हापासून दोन लिटरचा छोटा कुकर सामानात पहिला जातो. अमेरिकन मित्र हसतात, शिट्टी झाली की शेजारच्या तंबूतली माणसं दचकतात, पण साडेआठ वाजता गरम वरणभात माझ्याच ताटात असतो. कुकर न्यायचा नसेल तर डाळी-कडधान्यं विसरा आणि लवकर शिजणारं घ्या: पिठलं, उपमा, पोहे, थालीपिठाची भाजणी. भाताऐवजी शेवया. पहिल्या रात्रीसाठी घरूनच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, कारण पहिल्या रात्री तंबू लावण्यातच अंधार पडतो. फोडणी वाऱ्याच्या आडोशाला, आणि भांडी धुतलेलं खरकटं पाणी गाळून, गाळ कचऱ्यात. ओढ्यात किंवा तळ्यात भांडी विसळायची नाहीत.

जुलै ते सप्टेंबर मध्यापर्यंत आणखी एक पाहुणा असतो आणि त्याचं नाव इथेही मान्सूनच आहे. आपल्यासारखी झड नाही. सकाळी निरभ्र आकाश, अकराला कापसाचे ढग, दोनला वीज आणि गारा, पाचला पुन्हा ऊन. म्हणून उंच माथे आणि उघडे कडे दुपारच्या आत सोडायचे. गडगडाट ऐकू आला की गाडीत बसायचं, तंबूत नाही आणि एकट्या झाडाखाली तर नाहीच. खाली लाल दगडांत याच पावसाचं रूप वेगळं. तिथला खडक पाणी शोषत नाही, सगळं घळींत उतरतं. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वरच्या अंगाला पडलेला पाऊस अरुंद घळीत भिंतीसारखा येतो. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये असे सात जण गेले. सगळे मोठे होते, दोर-सामान घेऊन उतरले होते. म्हणून झायनचं नॅरोज, जिथे व्हर्जिन नदीच्या पात्रातूनच चालायचं असतं, ते त्या दिवसाचा पुराचा अंदाज व्हिजिटर सेंटरवर वाचल्याशिवाय करायचं नाही. आणि तंबूसाठी मऊ, सपाट, वाळूची छान जागा दिसली तर आधी स्वतःला विचारा की ही सपाट कशाने झाली. इथे 'वॉश' म्हणतात ते ओढ्याचं कोरडं पात्र. मऊ वाळू तिथे पाण्यानेच आणून ठेवलेली असते.

सप्टेंबरअखेर कॅपिटल रीफ आणि ब्राइस, दोन्ही एका फेरीत. माझी सगळ्यात लाडकी जागा फ्रूटाच. एकाहत्तर साइट, भोवती १८८० च्या दशकापासून मॉर्मन पंथाच्या वसाहतकऱ्यांनी लावलेल्या बागांचा वारसा: चेरी, जर्दाळू, पीच, पेअर, सफरचंदं. तोडणीला खुल्या बागेत उभ्या उभ्या हवी तेवढी फळं खा, बरोबर नेलीत तर वजन करून पेटीत पैसे टाका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सफरचंदांचा हंगाम. आई शिडीवर चढू नयेत एवढं बघा. संध्याकाळी हरणं तंबूंमधून निवांत चरत फिरतात.

तिथूनच कॅथेड्रल व्हॅलीचा कच्चा रस्ता फुटतो, अठ्ठावन्न मैलांचा फेरा. वर सहा साइटचं कॅम्पग्राउंड आहे, फुकट, पाणी नाही. नजारा अचाट. पण आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर फोर-व्हील ड्राइव्ह असूनही पाऊल टाकू नका. तिथली जमीन बेंटोनाइट चिकणमातीची आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत जे फुगणारं खनिज असतं त्याच घराण्यातलं तिच्यात असतं. वाळली की भेगाळते, भिजली की चाकाला लाडवासारखी चिकटते आणि गाडी स्केटिंग करते. माझे वडील परभणीचे, त्यांनी गाडीतून उतरून चिमूटभर माती चोळली आणि म्हणाले, 'अरे, ही तर आपली रेगूर! दुपारपर्यंत वाळल्याशिवाय हलू नको.' मी ऐकलं नाही. पुढे दोनशे फुटांवर रुतलो आणि शेवटी दुपारपर्यंत वाळायची वाटच बघितली.

ब्राइसचं सौंदर्य मी सांगायला नको. थंडीबद्दल मात्र सांगतो, कारण ते दगडी सुळके त्या थंडीनेच घडवलेत: भेगेत पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं, आणि हे वर्षातून कितीतरी रात्री चालतं. सप्टेंबरअखेर तिथे पहाटे पाणी गोठू शकतं. एका ऑक्टोबरमध्ये मी तिथे चहा करायला गेलो तर शेगडी पेटेना. काडी धरली, फुंकर मारली, शिव्या घातल्या. दोष माझा होता. मी ती पसरट, लांबट नळकांड्याची ब्युटेनची शेगडी नेली होती. ब्युटेन शून्य अंश सेल्सियसच्या जरा खालीच वायू व्हायचं थांबतं, नळकांडं भरलेलं असूनही गॅस येत नाही. प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत दगा देत नाही. तेव्हा हिरव्या नळकांड्यांची प्रोपेनची दोन बर्नरची शेगडी घ्या. त्या दिवशी मी ब्युटेनचं नळकांडं शर्टाच्या आत धरून वीस मिनिटं बसलो, मग चहा झाला. आकाश मात्र तिथलं चुकवू नका. अमावस्येच्या आसपासची तारीख धरा. युटातल्याच नॅचरल ब्रिजेस नॅशनल मॉन्युमेंटला २००७ मध्ये जगातलं पहिलं 'इंटरनॅशनल डार्क स्काय पार्क' म्हणून मान मिळाला. तिथे तेराच साइट, आगाऊ आरक्षण नाही, जो आधी येईल त्याला. पोरांना आकाशगंगा दाखवायला मी तिथेच नेतो.

ऑक्टोबरमध्ये मोआब. दुपारी फिरता येतं, रात्री झोपता येतं. कॅनियनलँड्सच्या आयलंड इन द स्काय भागातलं विलो फ्लॅट बारा साइटचं, पाण्याचा थेंब नाही. डेड हॉर्स पॉइंटलाही पाणी टँकरने येतं, टाक्या मोआबमध्येच भरून जायच्या. माणशी रोज चार लिटर धरा, सहा जणांना दोन रात्रींचे पन्नासेक लिटर होतात. जास्त वाटेल, पण उरलेलं मला कधी दिसलं नाही. मोआबच्या आसपास सरकारी मोकळ्या जमिनीवर फुकट राहता येतं असं कुणी सांगेल. काही ठिकाणी येतं, एका जागी चौदा दिवसांपर्यंत. पण तिथे स्वतःचा फिरता संडास बाळगायचा आणि मैला पिशवीत भरून परत आणायचा नियम आहे. सहा जणांच्या कुटुंबाला, त्यात आई-बाबा, मी तो उपदेश करणार नाही.

मुलांना वाळवंटात पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवा. वाळूवर काळपट, खडबडीत, जळक्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा थर दिसतो. तो सायनोबॅक्टेरिया, शेवाळं आणि लायकेन यांनी विणलेला जिवंत थर आहे. तोच वाळू धरून ठेवतो, पाणी राखतो. एका पावलाखाली चुरला तर सावरायला वर्षं, कधी दशकं लागतात. वाट, खडक किंवा ओढ्याची उघडी वाळू, एवढ्यावरच चालायचं. माझी मुलगी सहा वर्षांची असताना अनोळखी माणसांना ओरडायची, आता तीच पाहुण्यांना हा धडा देते.

सॉल्ट फ्लॅट्स दिवसाचीच ठेवा. मिठावर तंबू टाकायला परवानगी नाही, आणि मिठाच्या पापुद्र्याखाली चिखल असतो, गाडी रस्ता सोडून आत घालू नका. ओढून काढायचा खर्च सहलीहून जास्त होतो. पश्चिमेकडची रात्र हवीच असेल तर ग्रेट सॉल्ट लेकमधलं अँटिलोप आयलंड. १८९३ मध्ये आणलेल्या बारा बायसनांपासून वाढलेला कळप तिथे आहे. एप्रिल ते जून चावऱ्या चिलटांचं राज्य असतं, ऑक्टोबर उत्तम.

नोव्हेंबरात, आई-बाबा जाण्याआधी, झायन आणि सेंट जॉर्जजवळचं स्नो कॅन्यन. नाव बर्फाचं असलं तरी जागा राज्यातल्या सगळ्यात उबदार कोपऱ्यात आहे, साडेतीन हजारांच्या आतबाहेर. दिवसा स्वेटर काढावा लागतो. रात्र मात्र तेरा-चौदा तासांची, म्हणून पत्ते न्या.

सामानाचं राहिलेलं पटकन. तंबू स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा हवा. खडकावर खुंट्या घुसत नाहीत, वाळूत टिकत नाहीत, तेव्हा दोरीला वाळू भरलेल्या पिशव्या बांधायच्या. मार्च ते मे वारा फार, गॉब्लिन व्हॅलीत एका एप्रिलमध्ये आमचा रिकामा तंबू पतंगासारखा उडून तीन साइट पलीकडे गेला होता. थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त येते, म्हणून पैसे वाचवायचे तर स्लीपिंग बॅगेवर वाचवा, खालच्या मॅटवर नको. नाकाला आत तूप किंवा व्हॅसलीन लावून झोपा, नाहीतर कोरड्या हवेने मुलांचा घोळणा फुटतो. शेकोटीचं लाकूड गावात विकत घ्या, पार्कात वेचायला बंदी आहे. उन्हाळ्यात जंगलभर शेकोटीवरच बंदी लागू शकते, निघायच्या दिवशी विचारा.

आज रात्री करायचं काम मात्र एकच. झायनचं वॉचमन कॅम्पग्राउंड आणि कॅपिटल रीफचं फ्रूटा यांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं. तुमच्या सप्टेंबरच्या तारखा केव्हाच गेल्या असतील, पण लोक रद्द करतात, विशेषतः दोन आठवडे उरले की. रद्द झालेली साइट कळवणारी सूचना लावून ठेवा. नोव्हेंबरचं झायन अजून मिळेल. सकाळी आठला आरक्षण उघडतं, सात पंचावन्नला दोन फोन घेऊन बसा, एक तुमचा, एक वहिनींचा.